शॉकअपमधली पुरौनी

माझं माहेर तुमसरकडचं, भाऊ, धानाचा मुलूख, आणि आमच्या घरात बांगड्यांचा धंदा कोणी कधी केला नव्हता, हे मी सुरुवातीलेच सांगून ठेवते, कारण पुढं जे काही झालं ते याच गोष्टीवरून झालं. बाबा राइस मिलमध्ये पोती शिवायचे. लग्न होऊन मी रायपूरले आली, आमचे हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, ब्राह्मणपाऱ्यात, पारा म्हणजे मोहल्ला, मंदिरामागं दोन खोल्या, त्यात सासू, दीर, नणंद, आणि सगळ्यांत मिळून पगार एक. तवा मी काय केलं, गोल बाजारात गिरजाबाईच्या दुकानात गेली न म्हटलं, मले विकायले बांगड्या द्या. गिरजाबाईचं ठोक दुकान. माणसं आपल्याच विदर्भाकडची, पण रायपुरात पिढ्या गेल्या, जन्माची कासारीण. तिनं मले खालपासून वरपर्यंत पाहिलं न म्हणे, तुझ्या घरात केलं का कोणी हे काम? मी म्हटलं, नाही. म्हणे, मंग हात कुठून आणशील? मी म्हटलं, दोन आहेत ना, हे पाहा. ती काही हसली नाही. पण साध्या काचेच्या दोन माळा दिल्या बाप्पा, तिथून माझा धंदा.

टोपली घेऊन रेल्वे कॉलनी पालथी घातली. भाव करणं मले कोणी शिकवलं नाही, ते अंगातच होतं, न रागबी अंगातच होता, दोन्ही एकाच वेळी वर येतात. आणि पुरौनी. तुम्ही पुण्याकडचे, तुम्हाले माहीत नसंल. इकडं भाजीवाली तोलून झालं की मूठभर वरून टाकते, त्याले पुरौनी म्हणतात. कोणी न मागता देते, कोणाजवळून मागून घ्यावी लागते, मी मागून घेणारी. भाजीवर मागते, मुरमुऱ्यावर मागते, शिंप्याजवळ उरलेल्या चिंध्या मागते, एकदा डॉक्टरनं सुई टोचली तं मी म्हटलं साहेब, दोन गोळ्या वरून द्या. आमचे हे लाजून बाहेर पळाले. काहून लाजायचं? आमच्या धंद्यातबी ते आहेच, बाईच्या हातात बांगड्या भरून झाल्या की एक वरून भरायची, तिचा दाम लावायचा नाही, ती आशीर्वादाची. फक्त गिरजाबाईनं मले कधी पुरौनी दिली नाही. मागितली की म्हणे, काच मोजून देतो आम्ही, कोथिंबीर नाही ते.

मंग छत्तीसगड राज्य वेगळं झालं न रायपूर राजधानी झालं. काय सांगू तुम्हाले, शहर असं उकरलं की कालचा रस्ता आज सापडू नये. पण ऑफिसं आली, बाहेरून लोक आले, नागपूर-भंडाऱ्याकडचीबी कितीक घरं बदली होऊन आली, न लग्नं वाढली. गावोगावच्या बाजारातबी गर्दी झाली, तिकडं टोपलीनं कसं पुरणार? आमच्या यांच्याजवळ भाच्याची जुनी मोटरसायकल होती, ते तिले फक्त पुसायचे, रेतीचे ट्रक पाहून त्यांचा जीव घाबरे. मी म्हटलं, मले शिकवा. म्हणे, बायका स्कूटी चालवतात. मी म्हटलं, स्कूटी घेऊन द्या मंग. शिकवलं बाप्पा. रेल्वेच्या मैदानात लोक थांबून पाहत, एक पोट्टा ओरडला, दीदी, गिर जाओगी! मी म्हटलं, गिरूंगी तो तेरे ऊपर गिरूंगी. बांगड्यांची पेटी मी टाकीवर बांधायची, मागं कॅरियरवर नाही, पुढं असली की पोटानं दाबून धरता येते.

आता आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, अशुभ बोलू नये म्हणून. तं माझ्या रोज वाढू लागल्या. अभनपूरच्या बाजारात पेटी उघडली की तळाशी हिरवा-लाल चुरा. मी गिरजाबाईच्या दुकानात बदलून मागायले गेली, तिथं चार बायका बसलेल्या, न त्यांच्यासमोर ती म्हणे, मंदा, तुझा हात गरम आहे. काच हात ओळखते. जन्माच्या हातात थंड राहते, दुसऱ्याच्या हातात टिकत नाही.

भाऊ, मले कोणी चोर म्हटलं असतं तं मी भांडली असती न विसरली असती. हे नाही विसरली.

वरून काय, त्या वर्षी रेल्वे कॉलनीतल्या वहिनी, ज्यांनी मले पहिल्यांदा घरात बसवून बांगड्या भरून घेतल्या, त्यांच्या पोरीचं लग्न ठरलं. त्या म्हणे, मंदा, पोरीचा हिरवा चुडा तूच भरशील, दुसरी कोणी नाही. नवरीचा चुडा भरणं म्हणजे काय ते तुम्हाले कळते. तोपर्यंत मी बांगड्या विकणारी होती, चुडा भरला की बांगड्या भरणारी झाली असती, पुढची सगळी लग्नघरं मले उघडली असती. पण तो पातळ काचेचा चुडा रायपुरात गिरजाबाईजवळच मिळे, न ती म्हणे, तुले नाही देणार, लग्नाच्या घरात पेटी उघडून त्यात चुरा निघाला तं नाव माझ्या दुकानाचं जाईल. मी म्हटलं, नाही निघणार. म्हणे, मंग असं कर. माझ्या हातानं बांधलेला पातळ काचेचा डबा देते, तो तुझ्या फटफटीवर राजिमच्या बाजारात ने, परत आण. सगळ्या शाबूत आल्या तं चुडा तुझा.

मी डबा लगेच नाही घेतला. तेवढी अक्कल आहे. आधी मले हे पाहायचं होतं की बांगड्या वाढवते कोण, मी का आणखी कोणी. मी जुन्या मालाची पेटी डोक्यावर घेऊन गोल बाजारातून सदर बाजाराच्या गर्दीतून धक्के खात घरी आली, पेटी उघडली, सगळ्या शाबूत. सायकल रिक्षात ठेवून नेली, एखादी गेली. मोटरसायकलवर बांधून तोच फेरा मारला, तं पुढच्या कडेची ओळच्या ओळ साफ. हात तोच ना? मंग गरम हातानं डोक्यावरच्या काहून नाही वाढल्या? हे मी गिरजाबाईले जाऊन सांगितलं. म्हणे, मंग डोक्यावरच घेऊन जात जा राजिमले.

पुढची ओळ जाते म्हणजे गाडीच्या पुढच्या भागात काहीतरी आहे. मी पुनऊ मिस्तरीकडं गेली, आमच्या पाऱ्याच्या तोंडावर त्याचं दुकान, इकडचाच छत्तीसगडी माणूस, शांत, जे विचारा त्याले म्हणते हव. हव म्हणजे हो. त्यानं हँडल दाबलं, गाडीचं तोंड खाली गेलं ते खालीच, मंग हळूहळू वर आलं, जसा दुखऱ्या गुडघ्याचा माणूस खाटेवरून उठते. म्हणे, दीदी, शॉकअप बैठ गया है. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूनं त्या नळ्या असतात ना, आत स्प्रिंग न तेल, खड्ड्यात आत जातात न बाहेर येतात, त्यांले इकडं शॉकअप म्हणतात. माझ्या गाडीच्या नळ्या घासून गेल्या होत्या, स्प्रिंगमध्ये दम नव्हता, ब्रेक मारला की तोंड धाडकन खाली, पेटी हँडलवर. पुनऊ म्हणे, मोठ्या नव्या गाडीचे जाड शॉकअप लावून देतो, खरादवाल्याकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, थोडं काम करून घ्यावं लागंल, बसतील.

भंगार बाजारात मी स्वतः गेली त्याच्यासोबत. तिथं जोड्याच्या जोड्या टांगलेल्या. भेंडी मोडून पाहते तशी एकेक नळी दाबून पाहिली, तिच्यावरून नख फिरवलं, खरचटलेली असली की बाजूले. दुकानदार म्हणे, बहनजी, दुल्हन पसंद कर रही हो क्या? मी म्हटलं, दूल्हा पसंद किया था तब इतना नहीं देखा, इसलिए अब देख रही हूँ. पुनऊ पहिल्यांदा हसला. भाव असा केला की दुकानदारानं वरून दोन रबरी टोप्या दिल्या, पुरौनी.

शॉकअप बसवायले पुनऊले दिवस गेला. मी स्टूल घेऊन तिथंच बसली, हलली नाही. मले खरंच पाहायचं होतं की त्या नळीत असते काय. स्प्रिंग निघाली, लांबलचक, माझ्या हाताएवढी. मंग त्यानं औषधाच्या जुन्या मापानं तेल मोजून एका नळीत ओतलं, मोजून दुसऱ्या नळीत, न म्हणे, हो गया दीदी. मी बाटली पाहिली. तळाशी तेल होतं. मी म्हटलं, भैया, पुरौनी? त्यानं बाटलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, न म्हणे, हव. दोन्हीकडं थोडं थोडं ओतलं. मी म्हटलं, एवढीशीच? म्हणे, हव, न बाटली उलटी केली.

तुम्हीच सांगा भाऊ, मागणं गिऱ्हाइकाचं काम असते न नाही म्हणणं दुकानदाराचं. मी जिंदगीभर मागितलं, न लोकांनी जिथं जमत नव्हतं तिथं नाही म्हटलं. यानं हव काहून म्हणावं? ते हव माझ्या मनातून अजून गेलं नाही.

पहिल्यांदा गाडी अशी चालली, लोण्यावर चालावी तशी. लहान खड्डे कळूच नयेत. मी मनात म्हटलं, आता पाहते गिरजाबाईले. अभनपूरच्या रस्त्याले लागली, जिथं ट्रकांनी रस्ता खाल्लेला, पहिल्या मोठ्या खड्ड्यात गाडीचं तोंड थोडं खाली गेलं न तिथंच अडलं, धाडकन, दगडावर आपटावं तसं, खांद्यापर्यंत झणका गेला. पेटी उघडली. जुन्या शॉकअपवर वाढत होत्या त्याच्यापेक्षा जास्त वाढल्या होत्या. घरी येईस्तोवर नळ्यांवरून तेलाचा ओघळ, डोळे पुसून आलेल्या पोट्टीसारखं गाडीचं तोंड. मी तशीच पुनऊच्या दुकानावर गेली न अशी ओरडली की समोरचा पानवाला उठून उभा राहिला. तुमने मुझको पत्थर बेचा! पुनऊ म्हणे, हव दीदी. मी म्हटलं, हव मत बोलो!

घरी येऊन विचार केला. ओरडून राग जाते, पण खड्डा कुठं जाते? नळी बाहेरून तं सुरेख वर-खाली होते, मंग किती होते न कुठं अडते, हे पाहायचं कसं? माझ्या मालात पोरींच्या केसांचे काळे रबर होते. त्यातलं एक घेतलं न नळीवर अगदी खाली, जिथं ती जाड भागात शिरते तिथं कापून, गुंडाळून गाठ मारली. गाडी खड्ड्यात गेली की खालचा भाग रबराले वर ढकलणार, न परत खाली गेला तरी रबर तिथंच राहणार. म्हणजे नळी किती आत गेली ते रबर सांगणार. आमचे हे म्हणे, आता गाडीची वेणी घालून राहिली का?

फिरवली गाडी. लहान खड्डा, रबर तीन बोटं वर. मोठा खड्डा, चार बोटं. त्याच्याहून मोठा, चारच. मंग मी मुद्दाम ट्रकच्या खड्ड्यात घातली, दात वाजले, तरी चारच. नळी वर वीतभर रिकामी, पण रबर चार बोटांच्या वर जाईना. मले हसू आलं भाऊ, कारण हे मी रोज पाहते. भाव करताना दुकानदार उतरते, उतरते, न एका ठिकाणी असा अडते की तुम्ही रडा का ओरडा, तो हलत नाही, तवा समजायचं तिथं त्याची खरेदी आहे. तसं या नळीत काहीतरी आहे, जे चार बोटांवर म्हणते, बस.

पुनऊकडं गेली. या वेळी ओरडली नाही, त्यानंच तो बिचकून उभा राहिला. मी म्हटलं, भैया, अंदर क्या-क्या है, एक-एक करके बोलो. म्हणे, स्प्रिंग. आणखी? तेल. आणखी? म्हणे, और कुछ नहीं दीदी, ऊपर खाली जगह है. खाली जगह में क्या है? तो डोकं खाजवून म्हणे, हवा होही, और का. हवा! मी त्याच्या दुकानातला सायकलचा पंप उचलला, नळीच्या तोंडावर अंगठा दाबला न दांडा खाली दाबला, गेला, कडक होत होत गेला, सोडला की परत वर. मंग दांडा काढून पंपात पाणी भरलं. पुनऊ ओरडला, दीदी, पंप खराब हो जाही! मी म्हटलं, चुप बैठो. पाणी जवळजवळ काठापर्यंत, वर हवा एवढीशी. दांडा परत घातला, अंगठा लावून दाबलं. थोडासा गेला न अडला, मी अख्खं वजन टाकलं तरी नाही. पुनऊनं येऊन दाबलं. तोबी अडला.

हवा दबते, पाणी दबत नाही, न तेलबी नाही. ती रिकामी जागा रिकामी नव्हती भाऊ, कामाची होती, न ती माझ्या पुरौनीनं खाऊन टाकली. पुनऊ म्हणे, हमको तो उस्ताद ने कहा था इतना डालो, तो उतना डालते हैं, काबर डालथन ते आज समझ आइस. काबर म्हणजे कशासाठी. मी म्हटलं, मंग मी मागितलं तवा उस्तादाचं ऐकायचं ना, माझं काहून ऐकलं? म्हणे, दीदी, आप मांगे बिना मानतीं थोड़ी.

मंग खरी लढाई झाली. मी म्हटलं, जास्तीचं तेल काढ न त्याचे पैसे परत दे. म्हणे, पुरौनी के पैसे कौन लौटाता है? मी म्हटलं, तेल अडवणारे सील फुटले, ते तुझ्या खर्चानं. म्हणे, निकालने की मजूरी अलग लगेगी. पानवाला आमच्या दोघांच्या बाजूनं बोलून राहिला होता. शेवटी असं ठरलं की सील त्याचे, मजुरीच्या जागी त्याच्या बायकोले हातभर बांगड्या. ती दुसऱ्याच दिवशी आली, हात पुढं केला, मी भरल्या, न हात मागं घेईना. म्हणे, दीदी, पुरौनी? भरली बाप्पा. आमचा रिवाजच आहे.

गिरजाबाईनं डबा स्वतः बांधला, सुतळीची अशी गाठ मारली की तिच्याशिवाय कोणाले सुटू नये. मी तो टाकीवर ठेवला, राजिमले गेली, दुसरा माल विकला, परत आली. वाटेत अभनपूरच्या त्या खड्ड्यात चाक गेलं न मी डोळे मिटले, गाडी चालवताना मिटू नये, पण मिटले. तोंड खाली गेलं, जात राहिलं, न आरामात वर आलं. पुढं थांबून पाहिलं, रबर नळीच्या वरच्या टोकाशी पोचलेलं, बोटभर जागा बाकी. कोणी नवसाची गोष्ट पाहावी तशी मी त्या रबराकडं पाहत रस्त्यात उभी होती, ट्रकवाले हॉर्न देऊन राहिले.

दुकानात गिरजाबाईनं गाठ सोडली. एकेक बांगडी काढून उजेडात धरली, बोट फिरवलं, बाजूले ठेवली. तिले घाई नव्हती. डबा रिकामा झाला, तळाले हात लावून पाहिला, चुरा नाही. आणि काय म्हणाली असंल? म्हणे, आज रस्ता बरा असंल.

माझं डोकं असं फिरलं, मी म्हटलं, गिरजाबाई, उठा, चाला, मागं बसा, तुम्हाले रस्ता दाखवते! एक बाई तोंडाले पदर लावून हसली. गिरजाबाई उठली, मले वाटलं खरंच येते, पण ती आतल्या फळीपाशी गेली न चुडा घेऊन आली. पातळ, पानासारखा हिरवा. माझ्यासमोर मोठ्यानं मोजून कागदात बांधला. त्या दिवशी मी पुरौनी मागितली नाही. रागानं नाही मागितली, दुसरं काही समजू नका.

लग्नघरात नवरीचे हात माझ्या मांडीवर घेतले, पोरीचे हात थंडगार, माझे गरम, ते तं आहेतच. अंगठ्याखालचं हाड दाबून एकेक चढवली. एकही वाढली नाही. दोन्ही हात भरले, वरची आशीर्वादाची मी माझ्या मालातून आणली होती, ती काढायले पेटीत हात घातला, तं गिरजाबाईच्या कागदात अजून एक बांगडी. घडीच्या आत, वेगळी गुंडाळलेली. चुडा मी मोजला होता, तिनंबी मोठ्यानं मोजला होता, ही त्यात नव्हती. तीच मी पोरीच्या डाव्या हातात भरली, न वहिनीनं माझ्या पाया पडायले पोरीले सांगितलं.

आता शहर पाहता तुम्ही, रस्ते काचेसारखे झाले. गाडी तीच आहे, शॉकअप तेच, रबर बदलत राहते मी. लग्नाच्या दिवसांत घरी पाय ठरत नाही. गिरजाबाई म्हातारी झाली, सून दुकान पाहते, ती गादीवर बसून असते न नवीन गिऱ्हाइकाले अजूनबी सांगते, मंदाचा हात गरम आहे, पण काम करते. मी एकदा तोंडावर विचारलं, त्या चुड्यात एक जास्तीची तुम्हीच टाकली ना? म्हणे, मोजण्यात चुकली असंल. जिंदगी काच मोजण्यात गेलेली बाई! एक शब्द तोंडानं निघाला नाही तिच्या, की मंदा, हात नव्हता तो तुझा, गाडी होती. एवढं म्हणायले काय लागत होतं? मी वाट पाहून राहिली आहे अजून, न ती जगून राहिली आहे, जगू दे, तिले गंज, भरपूर आयुष्य मिळू दे, कधी तरी म्हणंल.

घरी आमच्या वहिनीसाठी या बांगड्या घेऊन जा. भाव केला नाही तुम्ही, तवा तुमच्यावर माझा भरोसा नाही, पण घ्या. पेटी मांडीवर ठेवा, गाडीच्या डिक्कीत नको. न वहिनीले सांगा, मोजताना एक जास्त निघंल, ती चूक नाही, मी टाकली आहे. तिच्या हातात सुखानं राहो.